ताईच्या अंगावरचा वाद

माझ्या दाजींनी मला पहिल्यांदा मारलं ते पितळी लोट्याने, देवळासमोर, सकाळी साडेनऊच्या सुमारास. लोट्यात अर्धं दूध होतं. कपाळ फुटलं तेव्हा दूध आणि रक्त एकदमच डोळ्यांत उतरलं, आणि क्षणभर मला वाटलं, नुसतं दूधच आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सुरतेच्या उधना भागात लूमच्या कारखान्यात ते संचे, म्हणजे यंत्रमाग, चालवायचे, बारा तासांची पाळी. लग्नानंतर त्यांनीच मला खानदेशातून सुरतेला आणलं, आपल्या खोलीत ठेवून घेतलं, आणि ओळख काढून रंगाच्या मिलमध्ये चिकटवून दिलं. मी बारावी सायन्स झालेलो. तिथल्या रंगमास्तरच्या हाताखाली कापडाच्या चिंध्या वेगवेगळ्या रंगांत बुडवून सँपल काढायचं काम मला मिळालं. मास्तर एकच गोष्ट शिकवायचा: एका वेळी एकच वस्तू बदल. पाणी बदललंस तर रंग बदलू नकोस. दोन्ही बदललंस तर कशानं काय झालं ते कळणार नाही. हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते कुठेही वापरायचो. पुढे मी वेगळी खोली घेतली, तरी जेवायला ताईकडेच जायचो आणि जेवताना दाजींशी वाद घालायचो. आमचे वाद अहिराणीत चालत, इथे लिहिताना ते सगळे तसेच्या तसे उतरत नाहीत. पण त्यात तोवर राग नव्हता. ते हसून म्हणायचे, "आलं आमचं सायन्स. वाढ त्याला."

प्लेगने सुरत रिकामी केली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. एके दिवशी सकाळी सगळीकडे एकच बातमी: गणपती दूध पितोय. आमच्या वस्तीत पाण्याच्या टाकीला लागून संगमरवरी गणपतीचं छोटं देऊळ होतं. ते दाजींनीच चार जणांना धरून उभं केलं होतं, रोजचा दिवाही तेच लावायचे. त्या दिवशी पहिला चमचा त्यांनी पाजला. मी रात्रपाळी संपवून आलो तेव्हा बायकांची रांग टाकीच्या पलीकडे गेली होती. दाजी गाभाऱ्याच्या दाराशी उभे होते आणि रडत होते. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला दया यायला हवी होती. मला हसू आलं.

माझ्या खिशात मिलमधली लाल रंगाची पुडी होती. मी एका वाटीत दुधात ती कालवली, रांग मोडून आत शिरलो आणि चमचा सोंडेला लावला. दूध गेलं. कुठे गेलं ते सगळ्यांना दिसलं. सोंडेवरून एक बारीक लाल ओघळ निघाला, पोटावरून खाली आला आणि पायाशी साचला. पांढऱ्या दुधाचा ओघळ पांढऱ्या दगडावर दिसत नव्हता, एवढंच मला दाखवायचं होतं. मी मोठ्याने म्हणालोसुद्धा, "पाहा, पोटात नाही, पोटावरून जातंय!"

एक बाई किंचाळली. तिला ते रक्त वाटलं. मग लोटा आला. मी खाली पडल्यावर आणखी कोणाकोणाचे पाय आले, चपला आल्या. एकाने माझा हात पायरीवर ठेवून त्यावर टाच दिली. मला त्या गर्दीतून ओढून काढलं ते ताईने, आणि काढता काढता तिलाही दोन-चार बसल्या.

कपाळाला तीन टाके पडले. मी बरोबर होतो आणि मार खाल्ला, याचा मला बरेच दिवस अभिमान होता. दाजी मात्र महिनाभर लिंबू आणि विटेची पूड घेऊन गणपतीचं पोट घासत होते. तो डाग काही गेला नाही. आमचं बोलणं बंद झालं.

दिवाळीनंतर ताईला पहिली फिट आली. स्टोव्हवर भाकरी टाकत होती, तशीच आडवी झाली. डावा पंजा तव्यावर पडला आणि ती झटके देत होती तोवर तिथेच राहिला. तिच्या सासूने ओढून बाजूला केली, पण तोवर कातडी तव्याला चिकटली होती. पंधरा दिवसांत आणखी दोनदा तसंच झालं. एकदा नळावर पडली आणि दात ओठातून आरपार गेला.

मी धावत गेलो. दारातच सासूने मला अडवलं. "भाऊनी करं अन् बहिणले भोवनं," ती म्हणाली. शांतपणे म्हणाली. तिच्या डोक्यात हिशेब पक्का होता: देवाला लाल केलं भावाने, शिक्षा आली बहिणीला.

मी आत जाऊन दाजींसमोर बसलो. ताई कोपऱ्यात हाताला पट्टी बांधून होती. मी म्हणालो, "हा मेंदूचा आजार आहे, दाजी. गोळ्यांनी जातो. दवाखान्यात न्या."

"तू पाहिलास का तिचा मेंदू?"

"एक झालं आणि मग दुसरं झालं, म्हणून पहिल्यामुळेच दुसरं झालं असं होत नाही. त्याच आठवड्यात वस्तीचा नळ गेला होता. तोही माझ्यामुळे?"

"असेल," ते म्हणाले.

"बरं, तुमची आई म्हणते तसं त्या भूतबाधा उतरवणाऱ्या भगताकडे नेली आणि बरी झाली तर भगताचा गुण. नाही झाली तर म्हणाल, बाधा मोठी होती. मग तुमचं चुकलं हे तुम्हाला कळणार कधी?"

दाजींनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "आणि तुझ्या गोळीनं नाही झाली बरी, तर तू काय म्हणशील? गोळी मोठी द्या म्हणशील. हो की नाही?"

याला उत्तर होतं. आज सुचतं. गोळी किती दिवस द्यायची, किती फिट कमी झाल्या तर मानायचं आणि तेवढ्या कमी झाल्या नाहीत तर सोडून द्यायची, हे आधी ठरवता येतं, आणि आधी ठरवलं की मग पळता येत नाही. पण तेव्हा मी ते म्हणालो नाही. मी म्हणालो, "तुम्ही अडाणी आहात." ताईच्या देखत म्हणालो, त्यांच्याच घरात. ते उठले, माझी कॉलर धरली आणि मला दाराबाहेर फेकलं. देवळातल्या त्या सकाळी मी त्यांना सगळ्या वस्तीसमोर हरवलं होतं. आता माझी गोष्ट ऐकणं म्हणजे पुन्हा एकदा हरणं होतं. हे मला कळायला फार वेळ लागला.

भगत रेल्वेलाइनच्या पलीकडे, खाडीच्या काठाला पत्र्याच्या शेडमध्ये बसायचा. लूम कारखान्यांच्या सुटीच्या दिवशी दुपारी तिथे गर्दी असायची. ताईला तिकडे नेलं हे शेजारणीने मिलच्या फाटकावर येऊन मला सांगितलं, तेव्हा मी सँपलच्या रंगाचा हात तसाच पुसून निघालो. लाइन ओलांडतानाच मिरचीचा ठसका लागला. शेडच्या बाहेर वीस-पंचवीस माणसं उभी होती. चेहरे गंभीर, कीर्तनाला असतात तसे.

आत ताई गुडघ्यांवर होती. दाजींनी तिचे दोन्ही हात मागे धरले होते. सासूने पदर स्वतःच्या तोंडात कोंबला होता. भगताने ताईचे केस मनगटाला गुंडाळून तिचं तोंड निखाऱ्यांच्या पाटीतल्या मिरचीच्या धुरावर धरलं होतं, आणि उजव्या हातातल्या लोखंडी चिमट्याने तो तिच्या पाठीवर मारत होता. घाई न करता मारत होता, एक प्रश्न, एक फटका.

"कोण आहेस? नाव सांग. कोणी पाठवलं तुला?"

ताई खोकत होती. तिला बोलता येत नव्हतं. चिमटा पुन्हा पडला.

"कोणी केलं हे?"

"भावाने," ती ओरडली. "माझ्या भावाने केलं! माझ्या भावाने!"

भगताने बाहेरच्या लोकांकडे पाहिलं. "बोललं," तो म्हणाला. गर्दीतून एक सुस्कारा निघाला.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. चिमटा माझ्या हातात होता. तो मी कसा ओढून घेतला ते आठवत नाही. पहिला फटका भगताच्या तोंडावर बसला, दुसरा कानामागे. त्याच्या तोंडातून दात आणि पान एकदमच बाहेर पडलं. तो खाली पडला तरी मी थांबलो नाही. मला ते आवडत होतं हे मी इथे लिहून ठेवतो. त्या क्षणी बहिणीचा आजार माझ्या डोक्यात नव्हता. देवळासमोर खाल्लेला मार डोक्यात होता.

दाजींनी मागून माझ्या गळ्याला वेढा घातला. मी कोपर मारलं, ते त्यांच्या नाकावर बसलं. ते मला घेऊन कोसळले आणि मी त्यांना घेऊन. आम्ही दोघं ताईच्या अंगावर पडलो. तिचा उजवा हात खाली दुमडलेला होता. वाळकी काठी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज आला. मी दाजींच्या खाली होतो, त्यामुळे तो आवाज मला माझ्या बरगड्यांमधून ऐकू आला.

सगळं एकदम थांबलं. ताई ओरडलीसुद्धा नाही. नुसती म्हणाली, "उठा आता."

रिक्षात ती मधे आणि आम्ही दोघं दोन बाजूंना. दाजींच्या नाकातून रक्त गळत होतं, माझा गळा सुजला होता. सरकारी दवाखान्यात हाड जोडणाऱ्या डॉक्टरांनी प्लास्टर करण्याआधी तिच्या पाठीवरचे वळ पाहिले, फुटलेला ओठ पाहिला, तव्याने भाजलेला पंजा पाहिला. मग आमच्या दोघांकडे पाहून गुजरातीत तिला विचारलं, "आ कोणे मार्युं?"

ताईला गुजराती नीट यायची नाही. बाजारापुरती यायची. ती एकच शब्द बोलली. "बधाए."

सगळ्यांनी.

दाजी खाली मान घालून बाहेर गेले आणि व्हरांड्याच्या खांबावर कपाळ आपटू लागले. एका आयाने येऊन त्यांना ओढून बाकावर बसवलं.

त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर फिटचा डॉक्टर मंगळवारी बसायचा. तिथे ताईला मी नेली नाही, दाजींनी नेली. मला येऊ नको म्हणून त्यांनी निरोप पाठवला होता, तरी मी गेलो आणि जिन्यात उभा राहिलो. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. रोज ठरल्या वेळी घ्यायच्या, एक दिवसही चुकवायची नाही, निदान तीन वर्षं.

पुढच्या आठवड्यात मिलच्या फाटकासमोर भगताच्या चौघांनी मला गाठलं. सायकलच्या चेन होत्या त्यांच्याकडे. एक चेन पाठीवर बसली, एक हनुवटीवर. मी गटाराच्या कडेला अंग चोरून पडलो होतो. तेवढ्यात दाजींचा आवाज ऐकू आला. पाळी सुटून ते तिथूनच जात होते. हातात जेवणाचा डबा होता.

"सोडा त्याला. माझा साला आहे," ते म्हणाले. "मारायचा असेल तर मी मारीन."

एकाने त्यांच्यावर चेन उगारली. दाजींनी डबा त्याच्या तोंडावर घातला. मग आम्ही दोघांनी मिळून मार खाल्ला. पण मिलची माणसं बाहेर आली आणि ते चौघे पळाले. दाजींनी मला उठवलं, माझ्या अंगावरचा चिखल झटकला आणि एक कानाखाली दिली. "ही तिच्या हाताची," ते म्हणाले. मी ती घेतली. त्या दिवशी मी पुन्हा त्यांच्याकडे जेवायला गेलो.

ताईच्या गळ्यात काळा दोरा होता. नवा, दुसऱ्या कुठल्याशा देवस्थानाहून आणलेला. 

"गोळी चालू आहे ना? मग दोरा कशाला?"

"असू दे."

"दोन्ही एकदम केलं तर बरी कशानं झाली ते कळणार कसं? एका वेळी एकच बदलायचं असतं, दाजी. काढा तो दोरा. सहा महिने नुसती गोळी देऊन बघू."

"तुला कशानं बरी झाली ते पाहिजे," दाजी म्हणाले. "मला बरी झालेली पाहिजे."

मी डॉक्टरांकडे जाऊन विचारलं. मला वाटलं, ते माझ्या बाजूने बोलतील. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "दोरा राहू दे. गोळी चुकवू नका."

आणि गोळी चुकली नाही, ती दाजींमुळे. रोज संध्याकाळी सातला ते देवासमोर दिवा लावायचे आणि त्याच ताटात हळदकुंकवाशेजारी गोळी ठेवायचे. आरती झाली की ताईच्या हातावर प्रसाद आणि गोळी. पाळी असली तर कारखान्यातून मधेच पळत येऊन देऊन जायचे. मुकादमाने एकदा त्यावरून त्यांना धक्के मारून बाहेर काढलं, तरी दुसऱ्या दिवशी सातला ते घरी होतेच. मी असतो तर महिन्यातून दोनदा विसरलो असतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ताई फिट आली की काजळाचं टिंब द्यायची. पहिल्या महिन्यात चार टिंबं, दुसऱ्यात एक, मग तीन महिने कोरे.

चैत्रात दाजींना कारखान्याच्या कामासाठी आठवडाभर भिवंडीला जावं लागलं. गोळीचं काम सासूकडे आलं. पाचव्या दिवशी ताई मोरीत पडली. डोकं दगडावर आपटलं. एक फिट ओसरते न ओसरते तोच दुसरी सुरू झाली. मी पोचलो तेव्हा मोरीचं पाणी लाल झालं होतं आणि सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन स्वतःच्या तोंडात मारून घेत होती, या गालावर, त्या गालावर, थांबतच नव्हती.

दवाखान्यात ताईला सलाइन लावल्यावर ती म्हातारी माझ्याजवळ आली. तिने पदराची गाठ सोडली. आत चार गोळ्या होत्या.

"मी नाही दिल्या," ती म्हणाली. "म्हटलं, बघू एकदा, नुसता दोरा राखतो का तिला."

मी तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं. मारायलाही हात उचलला असेल, तो अर्ध्यातच राहिला. कारण हीच गोष्ट मला करायची होती. माझा प्रयोग दोऱ्याविना गोळीचा होता, हिचा गोळीविना दोऱ्याचा. एका वेळी एकच बदलायचं, हे माझ्या तोंडून तिने किती वेळा ऐकलं होतं कोण जाणे. कुठलीही शाळा न शिकलेल्या त्या बाईने ते करून पाहिलं होतं. उत्तर तिच्या विरुद्ध आलं, तेव्हा तिने ते लपवलं नाही, पदर सोडून पुढे धरलं. आणि ज्या अंगावर ते करून पाहिलं ते आत पडलं होतं, डोक्याला सात टाके घालून. त्या अंगाला आम्ही दोघांनीही कधी विचारलं नव्हतं.

दाजी परत आल्यावर आईशी आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी तिने स्वतः सातच्या आरतीला गोळी ताटात ठेवली. त्यानंतर तीन वर्षं ती गोळी एकदाही चुकली नाही. ताईच्या फिट थांबल्या. दोरा तिच्या गळ्यात होताच. पुढे तो झिजून तुटला. तिने नवा बांधला नाही, आणि का नाही बांधला ते कोणाला सांगितलंही नाही. दाजी म्हणायचे, देवाने गोळीत गुण घातला. मी म्हणायचो, गोळीने गुण दिला, देवाने फक्त वेळ सांभाळली. यावर आम्ही कितीतरी सुट्या भांडलो. हात मात्र पुन्हा कधी उगारला नाही.

भगत दात बसवून घेऊन पुन्हा त्याच शेडमध्ये बसत होता. एका रविवारी कळलं की पलीकडच्या खोल्यांच्या रांगेतल्या एका विधवा बाईच्या मुलीला फिट येतात आणि दुपारी तिला खाडीकडे नेणार आहेत. दाजी आणि मी ओट्यावर होतो. मी म्हणालो, जाऊन त्या बाईला समजावलं पाहिजे, मेंदूत काय होतं ते चित्र काढून दाखवलं पाहिजे. दाजी म्हणाले, तुझं चित्र तिला काय कळणार, आधी तिला सांग की दवाखान्यात गेल्याने देव रागावत नाही. मी म्हणालो, असं सांगणं म्हणजे देव रागावतो हे मान्य करणं. ते म्हणाले, मग तूच सांग जाऊन, बघ किती ऐकते. आमचा आवाज चढला.

ताई आतून आली. तिने चपला घातल्या.

"कुठे?" दाजींनी विचारलं.

"तिच्याकडे. मंगळवारपर्यंत पोरीला आपल्याकडे झोपवते म्हणून सांगते. मंगळवारी दवाखान्यात मीच नेईन दोघींना."

"पण तिला पटवणार कशी?" मी म्हणालो. "काय सांगणार?"

"मला काय काय झालं ते सांगेन," ताई म्हणाली. "सगळं. तुम्हा दोघांचंही."

आणि ती गल्लीच्या तोंडाकडे निघून गेली. तासाभराने ती परत आली तेव्हा एका अकरा-बारा वर्षांच्या मुलीला तिने हाताला धरलं होतं, मागून मुलीची आई अंथरुणाची वळकटी घेऊन येत होती, आणि दाजी उठून त्यांना वाट करून देत होते.